लोकमान्यांचं गडावरचं बिऱ्हाड

रत्नागिरीत पाहुणा आला की त्याला फिरवायच्या जागा ठरलेल्या असतात. भगवतीचा किल्ला, मांडवी, थिबा राजाचा राजवाडा आणि टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर. जन्मघरात पाहुणा शिरतो, कौलारू घर बघतो, भिंतीवरच्या छायाचित्रांखालच्या ओळी वाचत पुढं सरकतो आणि दहा-पंधरा मिनिटांत बाहेर पडून आंब्याच्या दुकानाची चौकशी करतो. त्यात गैर काही नाही. पण जन्म कुठं घ्यायचा हे कुणाच्या हातात नसतं. पुढं हातात चार पैसे आल्यावर माणूस आपल्या मर्जीनं कुठं घर करतो आणि कशासाठी करतो, हे बघावं. त्यावरून तो जास्त कळतो, असं मला वाटतं. टिळकांनी असं एक घर केलं होतं. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर उंचीवर, सिंहगडाच्या माथ्यावर.

माझ्या डोक्यात हे घर शिरलं ते मात्र भलत्याच वाटेनं. आम्हा रत्नागिरीतल्या डोंगरभटक्यांचा एक लहानसा गट आहे. सुट्टी मिळाली की कुणी रसाळगड गाठतो, कुणी महिपतगड. मुक्काम पडला तर गडावरचं देऊळ, नाहीतर खालच्या वाडीत कुणाची तरी पडवी. रसाळगडावरच्या झोलाईच्या देवळात मी पथारी टाकून काढलेल्या रात्री मोजायला गेलो तर बोटं पुरणार नाहीत. आता आमच्यापैकी एकानं डोंगराच्या पायथ्याची आपली चार गुंठे जागा देऊ केली आहे. तिथं भटक्यांसाठी एक निवारा बांधावा, अशी कल्पना निघाली आणि बैठकांवर बैठका सुरू झाल्या. कुणाला सहा खोल्या हव्यात, कुणाला गरम पाणी, कुणाला गच्ची. एकाचं म्हणणं, बांधूच नका. आज निवारा बांधाल, उद्या तिथं हॉटेल उभं राहील. वाद खरा आहे आणि या घडीला मिटलेला नाही.

युरोपातल्या डोंगरवाल्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला. लंडनला अल्पाइन क्लब निघाला १८५७ साली, स्वित्झर्लंडचा क्लब १८६३ साली. स्विस मंडळींनी पहिल्याच वर्षी टोडी शिखराच्या वाटेवर ग्रुनहॉर्न इथं एक झोपडी उभी केली. आज त्यांच्याकडं अशी दीडशेच्या वर घरं आहेत. झोपायला लांबलचक फळीवर ओळीनं गाद्या, खाली एक मोठी चूल, भिंतीला बूट ठेवायची मांडणी. हिवाळ्यात राखणदार खाली उतरला तरी एक खोली वाटसरूंसाठी उघडी असते. तिथं कुणी हवा खायला जाऊन आठ दिवस लोळत नाही. रात्री लवकर आडवं व्हायचं आणि काळोख असतानाच उठून शिखराकडं निघायचं, एवढ्यापुरतं ते घर. आपल्याकडं हिमालयन क्लब आला १९२८ साली, मुंबईचं गिरिविहार १९५४ साली. टिळकांच्या हयातीत मराठी माणसांचं असं मंडळ नव्हतंच. तरीही कामापुरतं, शिखराच्या ओढीनं बांधलेलं डोंगरावरचं घर असं म्हटलं की महाराष्ट्रातलं मला पहिलं आठवतं ते टिळकांचं. त्यांचं शिखर वेगळं होतं, इतकंच.

२३ जुलै १८५६ हा त्यांचा जन्मदिवस. मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. वडील गंगाधरपंत रत्नागिरीला शिक्षक. संस्कृत आणि गणित हे दोन्ही विषय मुलाला घरातच मिळाले आणि ते जन्मभर पुरले. १८६६ साली वडिलांची बदली पुण्याला झाली आणि दहा वर्षांच्या बाळचा कोकणातला मुक्काम संपला. पुण्याला आल्यावर थोड्याच दिवसांत आई गेली. १८७१ साली लाडघरच्या बाळ घराण्यातल्या तापीशी लग्न झालं, सासरी ती सत्यभामा झाली. पुढच्या वर्षी वडीलही गेले. सोळा वर्षांचा मुलगा पोरका झाला होता आणि अंगानं किडकिडीत होता.

डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यानं पहिलं वर्ष पुस्तकांना जवळजवळ रजा देऊन तालमीत आणि नदीत घालवलं. कुस्ती, पोहणं, होडी वल्हवणं. त्या वर्षाची परीक्षा बुडाली. त्याबद्दल त्यानं कधी खंत केल्याचं दिसत नाही. आमच्या गटात नवीन येणाऱ्या मुलांच्या आयांना मी हे मुद्दाम सांगतो. त्यांना ते फारसं आवडत नाही. पण तुरुंगाची तीन तीन अन्नं, मधुमेह, बोटीचे आणि आगगाडीचे प्रवास या शरीरानं सोसले, त्यामागं ते एक बुडवलेलं वर्ष होतं, हे विसरून चालणार नाही.

गणितात पहिल्या वर्गाची पदवी, मग कायद्याची. दोन्ही हातात असताना सरकारी नोकरी न धरता विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढच्या जानेवारीत केसरी आणि मराठा निघाले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात आगरकरांबरोबर १०१ दिवसांची कैद झाली ती मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात. नावातला डोंगर सोडला तर तिथं डोंगराचं काही नव्हतं. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. टिळक गणित शिकवत आणि फळ्याकडं फारसं न बघता तोंडीच गणितं सोडवत पुढं जात, अशी त्यांची ख्याती. मागच्या बाकावरच्यांचे हाल होत असणार. तरी ते मनापासून मास्तर होते. स्वराज्य मिळालं तर मंत्रिपदापेक्षा गणित शिकवणं त्यांना आवडलं असतं, असं त्यांच्याविषयी नेहमी सांगतात. मला ते पटतं, आणि पटण्याचं कारण हा सिंहगडच आहे.

सोसायटीत मतभेद वाढत गेले. पगार किती घ्यावा, बाहेरची कामं करावीत की नाही, त्यागाचा अर्थ काय, यावरून मित्र मित्रांपासून तुटले. डोंगरीच्या कोठडीत शंभर दिवस एकत्र काढलेले टिळक आणि आगरकर एकमेकांविरुद्ध उभे राहिले. शेवटी १८९० साली टिळक बाहेर पडले. स्वतः उभ्या केलेल्या शाळेत आणि कॉलेजात आता त्यांना वर्ग नव्हता. पोटासाठी त्यांनी वकिलीच्या परीक्षेचे वर्ग काढले, लातूरला सरकीच्या कारखान्यात भागीदारी घेतली, केसरी डोक्यावर घेतला. आणि याच सुमाराला सिंहगडावर रामलाल नंदराम नाईक यांच्याकडून जागा घेऊन घर केलं. तारखांचा हा मेळ मला नुसता योगायोग वाटत नाही. हातातला फळा गेला आणि डोंगरावर एक खोली आली.

त्या काळी पुण्या-मुंबईचे ऐपतदार लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला किंवा माथेरानला जात. दोन्ही गावं साहेबानं वसवलेली, तिथली राहणीही साहेबी. सिंहगडावरही १८१८ साली किल्ला पडल्यापासून इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले होतेच. पण तिथं बाजार नाही, नाटक नाही, क्लब नाही. पुण्याहून पंधरा-वीस मैल. गाडीरस्ता वरपर्यंत आला तो फार पुढं. तेव्हा पायथ्याशी उतरून चढ चढूनच वर यावं लागे. सामान डोक्यावरून, पाणी देवटाक्याचं. हे सगळं सोसून जो वर येईल तो कामाचाच माणूस असणार. भेटायला येणाऱ्यांची चाळणी करायला यापेक्षा चांगला द्वारपाल कुठला? पुण्यात टिळकांच्या दारातली वर्दळ रात्रीपर्यंत थांबत नसे.

तान्हाजी इथं १६७० साली पडला, राजाराम महाराज १७०० साली इथंच वारले. टिळकांसारख्या माणसाला त्याचं भान नसेल असं कसं होईल? १८९५ मध्ये त्यांनी रायगडावरच्या शिवसमाधीच्या दुरुस्तीसाठी निधी उभारायला सुरुवात केली, १८९६ साली रायगडावर उत्सव भरला. पण मला वाटतं, रायगड हा त्यांचा लोकांना घेऊन जायचा गड होता आणि सिंहगड एकट्यानं जायचा. सिंहगडावर त्यांनी सभा भरवण्याऐवजी वेद उघडले.

ते बैठं, उतरत्या छपराचं घर गडावर आजही आहे. पुणे दरवाजातून आत येऊन चालत राहिलं की लागतं. कांदाभजी आणि पिठलं-भाकरीच्या वासात शाळेच्या सहली त्याच्यासमोरून पुढं जातात. राष्ट्रपुरुषाच्या नावाला शोभेल असं त्यात काहीच नाही, आणि तेच मला त्याचं वैभव वाटतं.

या घरात त्यांनी काय केलं, हे नीट समजून घ्यायचं तर थोडं आकाशाकडं बघावं लागेल. वसंतात दिवस-रात्र समान होतात त्या क्षणी सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र कायम राहत नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळं तो बिंदू साधारण ७२ वर्षांत एक अंश मागं सरकतो. वेदांतल्या आणि ब्राह्मणग्रंथांतल्या उल्लेखांवरून टिळकांनी असा तर्क मांडला की ते उल्लेख मृगशीर्षात वसंतसंपात असतानाचे आहेत, म्हणजे इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्या आसपासचे. मॅक्समुल्लरसारखे पंडित वेदांना त्याच्या बरेच अलीकडं आणून ठेवत होते. हा निबंध १८९२ च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी तयार झाला आणि १८९३ साली ‘ओरायन’ नावानं पुस्तकरूपानं आला. ओरायन म्हणजे आपलं मृगनक्षत्रच. एप्रिलच्या संध्याकाळी सिंहगडाच्या कल्याण दरवाजाच्या अंगाला उभं राहिलं तर तोरण्या-राजगडाच्या बाजूला मृग आणि व्याध मावळतीकडं झुकलेले दिसतात. मे संपता संपता ते सूर्याच्या उजेडात बुडतात. टिळकांनी ते तिथून पाहिलेच असतील, असं गृहीत धरायला मला कुणाची परवानगी नको.

एका बाजूला हे, तर दुसऱ्या बाजूला गणेशोत्सव, शिवजयंती, दुष्काळ. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली आणि केसरीतल्या लेखनासाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. दीड वर्षाची सक्तमजुरी. मॅक्समुल्लरनं ऋग्वेदाची आपली आवृत्ती त्यांना पाठवली आणि सुटकेच्या अर्जावर सहीही केली. ज्याचं मत खोडायचं त्यानंच तुरुंगात पुस्तक पाठवावं, हा त्या काळच्या विद्वानांचा मोठेपणा. वर्षभरानं, ६ सप्टेंबर १८९८ रोजी, टिळक सुटले तेव्हा शरीर खंगलं होतं. ते विश्रांतीला सिंहगडावर गेले. विश्रांती म्हणजे काय, तर वर्ष संपता संपता नव्या पुस्तकाचा पहिला खर्डा तयार होता. आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं, असं मांडणारं ते पुस्तक. मग ताई महाराज प्रकरणाचा ससेमिरा मागं लागला, खर्डा पडून राहिला. १९०२ च्या उन्हाळ्यात गडावर बसून त्यांनी तो पुन्हा हाती घेतला आणि १९०३ साली ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ छापून झालं. त्याच वर्षी थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनं गेला.

या पुस्तकांतली अनुमानं पुढच्या संशोधकांनी बहुतेक स्वीकारली नाहीत. ध्रुवप्रदेशाचा सिद्धांत तर आज कुणी मानत नाही. ते लपवण्याचं कारण नाही. शिखर सर झालं नाही म्हणून चढाईची किंमत कमी होते, असं निदान आम्हा डोंगरवाल्यांनी तरी म्हणू नये. मुद्दा असा, की खटले, कर्ज, मुलांची आजारपणं आणि देशभरच्या राजकारणाच्या कचाट्यात एक माणूस वर्षातले काही आठवडे हट्टानं काढून वर जात होता आणि ज्यातून एक पै मिळणार नाही, एक मत मिळणार नाही, असं काम करत होता.

१९०८ च्या २२ जुलैला, बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. आम्हा रत्नागिरीकरांना इथं थिबा राजाची आठवण होणारच. मंडालेच्या त्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली राज्य घेऊन पुढं आमच्या गावात आणून ठेवलं होतं. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तयार झाला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, त्याच्या राजधानीत, रत्नागिरीत जन्मलेला एक कैदी पेन्सिलीनं गीतारहस्य लिहीत होता. राजानं समुद्राकडं बघत दिवस मोजले. कैद्याला तेवढी फुरसत नव्हती.

मंडालेची ती खोली लाकडी फळ्यांची. फटींतून उन्हाळ्यात झळा येत आणि थंडीत बोचरा वारा. एक खाट, मेज, खुर्ची, पुस्तकांची कपाटं आणि स्वयंपाकाला दिलेला एक कैदी. शाई नाही, पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या, म्हणजे पान फाडलं तर कळावं. वर्णन वाचताना मी चपापलो, कारण कुलूप सोडलं तर हे थेट डोंगरावरच्या झोपडीचं वर्णन आहे. सिंहगडावर ते जे एकांत म्हणून मागून घेत होते, ते सरकारनं शिक्षा म्हणून दिलं. त्यांनी तिथं जर्मन, फ्रेंच आणि पालीचा अभ्यास केला आणि एका हिवाळ्यात तो प्रचंड ग्रंथ संपवला. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. तार मंडालेत पोचली.

जून १९१४ मध्ये सुटका झाली. वह्या सरकारकडं अडकल्या होत्या, त्या काही दिवसांनी परत मिळाल्या. मग पेन्सिलीच्या मजकुराची छापखान्यासाठी मुद्रणप्रत करण्याचं काम सिंहगडावर झालं आणि जून १९१५ मध्ये गीतारहस्य लोकांच्या हाती आलं. तुरुंगातल्या खोलीत लिहिलेलं पुस्तक गडावरच्या खोलीत पुरं झालं.

आमच्या गटाच्या बैठकीत मी हे घर पुढं केलं. म्हटलं, दोन खोल्या, एक ओटी, पाण्याचं टाकं, एक चूल आणि भिंतीला पुस्तकांची एक फळी. सहा खोल्या नकोत, गच्ची नको. मोटार दारापर्यंत तर मुळीच नको. शेवटचा अर्धा तास चालावंच लागलं पाहिजे. जिथं चालत जावं लागतं तिथं कचराही चालत येतो, मोटारीनं येत नाही, असं आमच्यातल्या एका शिक्षिकेनं जोडून दिलं. गरम पाण्यावाले अजून नाराज आहेत. जांभा चिरा वापरायचा, एवढं मात्र एकमतानं ठरलं.

गीतारहस्यानंतर टिळकांना गड फारसा मिळाला नाही. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग निघाली, त्याच वर्षी लखनौचा करार झाला, मग गावोगावचे दौरे. १९१८ साली चिरोलवरच्या खटल्यासाठी विलायत, तिथला पराभव, खर्चाचा डोंगर, १९१९ च्या नोव्हेंबरात परत. १९२० च्या उन्हाळ्यात गांधीजी विश्रांतीसाठी सिंहगडावर येऊन राहिले होते. जुलैमध्ये टिळक मुंबईला सरदारगृहात उतरले असताना ताप आला, तो वाढत गेला आणि १ ऑगस्टला ते गेले. वय चौसष्ट. वेदकालाचा एक मोठा, नव्यानं मांडलेला ग्रंथ लिहायचा त्यांचा मनसुबा होता. मंडालेत वेदांगज्योतिषावर टिपणं करून ठेवली होती, काही प्रकरणं सुरू केली होती. गडावर बसून ती जुळवायला एखादा सलग उन्हाळा हवा होता. ती टिपणं होती तशीच १९२५ साली पुण्यात छापून प्रसिद्ध झाली.